टांगत्या कुंड्यांचं पाणी

३ मार्च
पुन्हा ओली! टांगत्या कुंड्यांत बोट घातलं तर नुसता चिखल. सकाळी उठल्यावर मी एकदा पाणी घालते, बस्स. स्ट्रॉबेरीला ओल हवी, डबकं नको — ह्यांना शंभरदा सांगून झालं. विचारलं तर म्हणे, मी झारीला हातही लावला नाही. मग काय, कुंड्या आपल्या आपण नळाखाली जाऊन बसल्या?

५ मार्च
खालच्या टेलरबाई वर आल्या. गिऱ्हाइकाचे कपडे वाळत घातलेले, त्यांवर आमच्या गॅलरीतून गढूळ पाणी ठिबकलं. दिवसातून तीन-तीनदा ठिबकतं, म्हणे. मी मुकाट्याने ऐकून घेतलं, माफी मागितली. ह्यांच्यापायी! जेवताना अबोला धरला मी. भाजीत मीठ नव्हतं, तरी हे काही बोलले नाहीत.

६ मार्च
एक फळ लाल व्हायला लागलंय. देठाकडे अजून पांढरं आहे. हात लावायचा नाही.

९ मार्च
आज डोकंच फिरलं. कठड्याला टांगलेल्या तिन्ही कुंड्यांत कुणीतरी माती दाबून भरलेली, पार गाभ्यावर! नवी पानं फुटतात तो गाभा मातीच्या वर राहायला हवा, बुडला की रोप सडलंच. रोपं लावताना मीच शिकवलं होतं ह्यांना. बोटांनी उकरून काढली माती. दोन रोपं गेल्यातच जमा.

खूप बोलले मी. तोंडाला येईल ते. हे गॅलरीच्या दारात उभे. मग हळूच म्हणाले, "मीच भरली असेल गं. लक्षात नाही राहिलं माझ्या."

इतके दिवस मी भांडत होते ते हे खोटं बोलतात म्हणून. खरंच आठवत नसेल तर? भीती वाटते. फार भीती वाटते.

११ मार्च
बाथरूममध्ये नळ सोडून लेकीला फोन केला, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हटलं, बाबांना विसरायला होतंय. उद्या गॅस चालू राहिला तर? रस्ता चुकले तर? ती म्हणाली, शनिवारी येते, डॉक्टरांकडे जाऊ, तू काळजी करू नकोस. आवाज भरून आला होता तिचा. बापावर भारी जीव पोरीचा.

१२ मार्च
झारी कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली माझ्या कमरेला.

१३ मार्च
माती ओली! कुलूप जसंच्या तसं. आणि हे तर सकाळपासून केस कापायला गेलेले.

जिन्यात टेलरबाई भेटल्या. म्हणाल्या, "अहो, मघाशी तुम्हीच तर होतात झारी घेऊन." त्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत! दिवसभर सुई ओवून आणखी काय होणार? तरी घरात येऊन हात धुतले. नखांत माती होती. कालची असेल.

१४ मार्च
उद्या डॉक्टर. ह्यांना म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना. ह्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. कशाला जायचं, काय झालंय — एका शब्दाने विचारलं नाही. एरवी साध्या सर्दीला डॉक्टरकडे न्यायचं तर घर डोक्यावर घेतात.

लाल झालेलं फळ तोडून अर्धं-अर्धं खाल्लं. आंबटढाण! दोघंही हसलो.

१५ मार्च
डॉक्टरांनी ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मला नाही. सगळे प्रश्न मलाच विचारले.

वरची तारीख लेकीने सांगितली.