पोरांनी आपापसांत मिटवावं

अलाबामा, २१ ऑगस्ट १९८९

चि. हॉइट यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि सोबत थोड्या शिव्या. वि. वि. फोनवर तू ‘मागाहून करतो’ म्हणून सुटतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हे लिहिते.

मी बरी आहे. कारखान्यात दिवसाला दोन हजार मोजे पारखते आणि एकाचाही जोडीदार हरवू देत नाही. एक पोरगा तेवढा तुझ्याकडे कॅरोलायनात सोपवला आहे. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

क्लेटन सांगत होता की तू चालवतोस त्या मोटारशर्यतींच्या ट्रॅकवर नवा कायदा आला आहे. पूर्वी कुणी मुद्दाम धडक दिली की तू काळा झेंडा दाखवून त्याला बाहेर घ्यायचास आणि रांगेच्या शेवटी पाठवायचास. आता म्हणे शर्यतीआधी सगळ्या पोरांना जमवतोस, टोप्या उतरवून प्रार्थना होते, देवा यांना सुखरूप ठेव. आणि ‘आमेन’ची ओल वाळायच्या आत तू सांगतोस की तुम्ही मोठे झालात, आपापसांत मिटवा, आम्ही मध्ये पडणार नाही. देवाला वाटत असेल, हा माणूस आपली थट्टा करतो आहे.

त्या रँडल टीगने क्लेटनच्या गाडीला दोनदा मागून ठोकलं. याने त्याला एकदा ट्रॅकबाहेर गवतात घातलं. आता रँडल सगळ्यांदेखत म्हणाला आहे की मोसम संपायच्या आत याला भिंतीत घालीन. क्लेटनच्या बापाला अशाच भिंतीने नेलं, हे तुला सांगायला नको. शवपेटीचं एक टोक तुझ्याच खांद्यावर होतं.

झेंडा बाहेर काढ. ज्युएलवहिनीला सांग, तिच्या लोणच्याची बरणी पोचली.

तुझ्यावरचा लोभ अजून शिल्लक आहे. तो जपणं तुझ्या हातात.

व्हर्नेल


बेंट पाइन, २८ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. शिव्या पोचल्या, आशीर्वाद टपालात कुठे पडले कोण जाणे.

ताई, तू तिकडे बसून बोलतेस. मे महिन्यात मी रँडलला काळा झेंडा दाखवला, तर अख्खी गॅलरी ‘मामा! मामा!’ म्हणून ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर विचारलं, भाचे कसे आहेत म्हणून. वस्तरा गळ्यावर असताना माणूस काय बोलणार? रँडलला झेंडा दाखवला तर मी मामा, आणि क्लेटनला दाखवला तर तो आठवडाभर माझ्याच टेबलाशी जेवून माझ्याशी बोलत नाही. शेवटी म्हटलं, नकोच तो झेंडा.

आणि खरं सांगू? लोक खूश आहेत. दोन परगण्यांपलीकडून येतात. तळलेली कोंबडी पहिली शर्यत सुटायच्या आत संपते. पोरं धुसफुसतात, दोन बंपर वाकतात, तिसऱ्या आठवड्यात एकत्र मासे धरायला जातात. आमच्या वेळी असंच होतं.

क्लेटन नीट जेवतो. परवा ज्युएलच्या मक्याच्या पावाचे चार तुकडे आणि घेवडा खाऊन वर विचारलं, जेवायला काय आहे. काळजी करू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा धाकटा,
हॉइट


अलाबामा, ५ सप्टेंबर

चि. हॉइट यास,

आशीर्वाद. थट्टा आज नाही.

तुमच्या वेळी कोण मासे धरायला गेलं आणि कोण भिंतीपाशीच संपलं, ते मला ठाऊक आहे. मी चार दिवस झोपले नाही. काल मोज्यांच्या पेटीत जोड्यांचा घोळ केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी कधी तुझ्यापुढे पदर पसरला नाही. आज पसरते. सोळा तारखेच्या शेवटच्या शर्यतीत फक्त एकदा झेंडा हातात धर. बाकी तीस गाड्यांचं काय व्हायचं ते होवो. रँडलच्या लाल सत्तावीस नंबरवरून नजर हलवू नकोस. ती क्लेटनकडे तिरपी झाली की झेंडा दाखव. लोक मामा म्हणतील. म्हणू देत, तू आहेसच.

एवढं कर, मग आयुष्यात काही मागणार नाही.

व्हर्नेल


बेंट पाइन, १७ सप्टेंबर

ती. ताईस,

क्लेटन सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचशील.

मी झेंडा घेतला होता. तू सांगितलंस तसं सत्तावीस नंबरवरून नजर काढली नाही. रँडल चाळीस फेऱ्या आपल्या जागी गुपचूप चालवत होता. एकदाही वाकडा गेला नाही. मला हायसं वाटलं. एक्केचाळिसाव्या फेरीला सरळ पट्ट्यावर मागून ठोकर बसून त्याचं मागचं चाक उचललं गेलं, तेव्हा कळलं की मागे आपला क्लेटन आहे. मी ज्याच्यावर डोळे लावले होते, तोच भिंतीत गेला. तुझ्या पोराकडे मी पाहिलंच नव्हतं.

गॅलरी उभी राहून ओरडत होती. गाडी कापून रँडलला बाहेर काढेपर्यंत ओरडत होती. डॉक्टर म्हणतात, त्याचे पाय हलत नाहीत.

मी क्लेटनला विचारलं, हे काय केलंस. तो म्हणाला, मामा, तो मला भिंतीत घालणारच होता, मी वाट का बघू? वर म्हणाला, तूच सांगितलंस ना, आपापसांत मिटवा. मिटवलं.

तो खोलीत दार लावून बसला आहे. आज जेवला नाही. मी त्याला काय सांगू, ते तू लिही.

हॉइट


इस्पितळ, २३ सप्टेंबर

हॉइट यास,

तुझं पत्र वाचलं तशी बसमध्ये बसले. तुझ्या घरी न येता थेट इकडे, रँडलच्या इस्पितळात आले. दोन दिवस तिसऱ्या मजल्यावर आहे.

रँडलची आई ऑपल इथेच बाकावर झोपते. पहिल्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिला वाटलं, मी चर्चकडून आले. तिने स्वतःच्या बिस्किटांतली अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, बाई, तुम्हाला पोरं आहेत का? मी म्हटलं, एक. ती म्हणाली, मग तुम्हाला कळेल, आणि माझा हात धरून प्रार्थनेला बसली. मीही बसले. तिने शेवटी त्या दुसऱ्या पोरासाठीही मागितलं, त्याचं नाव न घेता. म्हणाली, त्याची आई कुठेतरी असेलच.

तरी मी कुणाची आई, ते बोलले नाही. एवढी मोठी जीभ माझी, सगळ्या कारखान्याला पुरते, आणि इथे दोन शब्द निघत नाहीत.

म्हणून हे पत्र इथल्या गाडीवाल्याच्या हाती आजच पाठवते, क्लेटनला इकडे घेऊन ये. दार उघडत नसेल तर बिजागऱ्या काढ. तू मध्ये पडणार नाहीस, हे आता ऐकून घेणार नाही. उद्या दुपारी ती मला जेवायला तिच्या बहिणीकडे नेते आहे, तिथे सगळे माझं नाव विचारतील. त्याआधी तो इथे उभा पाहिजे, आणि मी त्याच्या शेजारी.

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. या म्हणजे झालं.

व्हर्नेल