सगळ्या बाह्या डाव्या

ता. १४, मंगळवार
कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य वर्षभर प्रत्येक पत्रात लिहिलं आणि दर वेळी ते खोटं होतं. आज पहिल्यांदा खरं आहे, म्हणून पुन्हा लिहिते: सगळं ठीक आहे!

आधी एक फजिती ऐक. गेल्या गुरुवारी तुझ्या बहिणीने, नऊ वर्षं शाळेचे गणवेश बेतणाऱ्या कटिंग मास्तरीणबाईंनी, दोनशे चाळीस बाह्या कापल्या. सगळ्या डाव्या! बटणवाली काकू म्हणाली, "मास्तरीणबाई, या शाळेतल्या पोरांना उजवे हात नसतातच का हो?" सगळा कारखाना हसला. मीही हसले, आणि मग संडासात जाऊन रडले.

कापडाचे थर समोरासमोर घातले की एकाच कापात डाव्या-उजव्याची जोडी निघते. पण त्यासाठी दर थराला अख्खा तागा उचलून फिरवावा लागतो. त्या सकाळी माझ्या मनगटांना तो पेलेना. म्हटलं, सगळे थर सुलटेच घालू आणि अर्ध्यांवर नमुना उलटा ठेवू. दुखण्याच्या भरात नमुना उलटा ठेवायचाच विसरले.

हो, संधिवात वाढलाय. सकाळी मिटलेली बोटं दहा वाजल्याशिवाय उघडत नाहीत. वर्षभर मी सगळ्यांच्या तासभर आधी येऊन वाफेच्या इस्त्रीपाशी हात शेकत होते. कोणी विचारलं तर सांगायचे, बस लवकरची मिळते.

त्या संध्याकाळी मी बॅग भरली, दादा. तुझ्याकडे यायला. हे लिहिताना अजून लाज वाटते.

शुक्रवारी मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बोल."

आणि मी बोलले! एकेक मशीन थांबत गेलं. म्हटलं, "बाई, मला संधिवात आहे आणि तो मरेपर्यंत राहणार आहे. मी तो लपवला, ती माझी चूक. पण आजारी माणसाला फक्त आराम हवा असतो, हा निरोगी माणसांनी लावलेला शोध आहे. मला औषध लागतं म्हणून पगार लागतो, आणि पगार मिळवायला औषध लागतं. यातलं एक काढून घेतलंत तर दुसरं आपोआप जातं. माझी बोटं सकाळी संपावर असतात, पण डोकं नसतं. दहाला बोलवा, साडेसहापर्यंत काम करीन. तागा दुसऱ्यांनी फिरवावा, बेत माझा. तीन महिने बघा. नाही जमलं तर मी स्वतः कात्री टेबलावर ठेवीन."

मागून काकू ओरडली, "आणि मी नऊ वर्षं संडासात लपून इन्शुलिन टोचते, त्याचं काय?" इस्त्रीवाल्याने खिशातला दम्याचा पंप काढून वर धरला. "आमचीही हजेरी घ्या!"

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे देवा! मी कारखाना चालवतेय की दवाखाना?" पण हसत होत्या. मग इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "सोमवारपासून तागा तू फिरवायचास. आणि काकूला बसून टोचायला एक खुर्ची आणा." पगार थोडा कमी होईल, तो मी कबूल केला. कालपासून दहाला येते. पुढच्या ऑर्डरीचं कापड आलंय, त्यातून दोनशे चाळीस उजव्या बाह्या कापल्या. एकही डावी वाया गेली नाही!

आता पहिल्या ओळीपासून जे टाळतेय ते लिहिते.

सगळे पांगल्यावर बाईंनी खणातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अक्षर तुझं. म्हणाल्या, "तीन आठवडे झाले येऊन. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून थांबले." मी ते तिथेच वाचलं. 'ती स्वतः सांगणार नाही. तिला कामावरून मोकळी करा, मी घेऊन जाईन.'

कालपर्यंत इतकी चिडले होते की हे पत्र लिहिता आलं नाही. माझ्याशी एक शब्द न बोलता तू माझी नोकरी सोडत होतास! पण दादा, त्यात माझ्या बोटांबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं. मी पदराखाली लपवलेले हात तू गेल्या भेटीत पाहिलेस, आणि मला वाटलं कोणाला कळलं नाही. तू घाबरलास. मीही घाबरले होते, म्हणून तर बॅग भरली.

बॅग रिकामी केली आहे. तुझ्याकडे येईन, पण सुट्टीत, चार दिवस, पाहुणी म्हणून. कधी हात खरंच थांबले तर सगळ्यात आधी तुला सांगेन, आणि 'ठीक आहे' असं उगीच लिहिणार नाही, हा माझा शब्द. तुझ्याकडून एकच हवं. माझ्याबद्दल काही लिहायचं असेल तर पाकिटावर माझं नाव घाल.

कामावर असलेली,
तुझी धाकटी