खिंडीतले तीन दगड

शनिवार, २० जानेवारी १९७३. संध्याकाळ

आलो बाई एकदाचे! राजूरच्या पुढे एस.टी. अशी हादरली की कमरेचा पार खुळखुळा झाला. पण भंडारदऱ्याचं पाणी दिसलं आणि सगळं माफ! श्रीरामपूरच्या शाळेत रुजू होऊन मला महिनाच झालाय. आमचे विज्ञानाचे मार्तंड सर मला आणि माझ्या खोलीवरच्या इंदूला घेऊन निघालेत, पाठीवर ओझं घेऊन तीन दिवसांत हरिश्चंद्रगड गाठायला. इंदू यायला तयारच नव्हती, वैशाखात तिचं लग्न आहे. मीच तिच्या आईला शब्द दिला, हिला धडधाकट घरी आणून सोडीन म्हणून.

मुक्काम वाडीत, गोजरबाईंच्या ओसरीवर. नागलीची भाकरी आणि ठेचा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

रविवार, २१ जानेवारी. सकाळी सात

इंदू आणि सर ओझी बांधत होते तेव्हा गोजरबाईंनी मला एक सांगितलं. वर खिंडीत दगडांची रास आहे. घाट उतरून कोकणात कामाला जाणारा तिथं एक दगड ठेवतो आणि परतल्यावर आपल्या हातानं उचलतो. उरलेत ते न परतलेल्यांचे. त्यांच्या मुलाचा, सहादेवाचाही आहे, चुन्याचं बोट ओढलेला. दुष्काळात गेला तो गेलाच. म्हणाल्या, "हात लावू नगा बाई. दुसऱ्यानं उचलला तर गेलेला माघारी येतो, अन् उचलनारा तितंच ऱ्हातो."

मग तुम्हीच का नाही उचलत, असं मी गमतीत विचारलं. त्या हसल्या नाहीत. "घरच्याचा हात चालत न्हाई, बाई."

सकाळी अकरा, खिंड

सरांना चहाची तल्लफ आली. चुलीला दगड हवेत, तिघांनी एकेक आणायचा, असा हुकूम सोडून त्यांनी स्वतःचा उचललासुद्धा. जवळ रास सोडून चुलीजोगा एक दगड नव्हता.

मला माहीत होतं. पण एका कड्याशी मी मटकन बसले म्हणून सकाळपासून दोनदा सरांचं मला भित्री भागूबाई म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले आणि मुकाट्यानं एक दगड उचलला. इंदूनं सुबकसा बघून घेतला, चुन्याच्या रेघेचा. चहा फक्कड झाला.

दुपारी दीड

सर नेहमीसारखे पुढे. वळणाआड गेले. आम्ही पोचलो तर वाटेवर नुसती त्यांची पाठीवरची हॅवरसॅक. समोरून धोतरातला एक माणूस आला. आमच्याकडे न बघता वाडीच्या दिशेनं गेला.

त्याच्या पायात सरांचे बूट होते.

घसा फुटेस्तोवर हाका मारल्या.

दोन-सव्वादोन

इंदूला सगळं सांगितलं. चिडली नाही. सकाळीच का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं. तिचा हात धरून परत खिंडीकडे चालले. दगड जागेवर ठेवायचे. हात घट्ट धरला होता. मग तो खरखरीत लागला. वळून पाहिलं तर

तरणा पोरगा. अंगावर इंदूची निळी शाल. हात सोडवून घेतला आणि उताराला लागला.

माझ्या एका मेल्या भित्रेपणापायी. नाही, भित्री दिसू नये म्हणून. थू माझ्यावर.

खिंड

चूल अजून कोमट. तिन्ही दगड काळे पडलेत, पण पुसल्यावर चुना दिसतो. वाडी खिंडीच्या थेट खालीच, तिथून ओरडा ऐकू येतोय. गोजरबाईंचा आवाज, हसतायत की रडतायत... "आला गं माजा सहादेव!"

माफ करा हो गोजरबाई. तुमची भाकरी खाल्ली मी.

चुन्याचा दगड राशीवर ठेवला.

खाली सगळं गप्प झालं. मग एक किंकाळी. तशी किंकाळी मी जन्मात...

इंदू! राशीपाशी उभी आहे. शालीसकट. धडधाकट. माझ्या नावानं हाका मारतेय, इकडेतिकडे बघत. अगं ही काय मी, दोन हातांवर—

बघत नाही माझ्याकडे.

सरांचा ठेवायचाय. आणि माझा; माझीही पाळी आलीच. दोन्ही चुलीतच आहेत. उचलायला जाते तर बोटं दगडावर ठरतच नाहीत— पेन्सिलसुद्धा आता

इंदू, थांब, खाली नको जाऊस, गोजरबाई वर येतायत, त्यांना सांग मी