चौथ्या मिनिटाचा आवाज

काउनास, २ सप्टेंबर

ती. स्काइस्तेताईस,
सा. न. वि. वि.

इकडे बाबा ठीक आहेत आणि मी वेडापिसा झालोय. फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं म्हणून बाबांनीच आपल्याला पत्रं लिहायची सवय लावली. ती आज कामाला आली, कारण जे मागणार आहे त्याला फोनवर तू नाहीच म्हणाली असतीस.

मी आवाजांचा नवा तुकडा केलाय, नऊ मिनिटांचा. तू ज्याला मिक्सरमध्ये चमचा पडल्याचा आवाज म्हणतेस, तसलाच. ‘कान’ नावाच्या साइटवर टाकलाय. तिथे माझ्यासारखेच लोक जमतात. आधी दुसऱ्यांचे तीन तुकडे शेवटपर्यंत ऐकायचे, कितव्या मिनिटाला काय वाटलं ते लिहायचं, मगच आपला टाकायचा. आणि मतं येत असतात तो आठवडाभर कुठला आवाज कशाचा हे कोणालाही सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही. एका पोर्तुगीज माणसाची चाळीस मिनिटांची नुसती घुरघुर मी ऐकली. मध्येच ती जराशी बदलली तेव्हा मला चक्क भरून आलं. हसू नकोस.

माझ्या वाट्याला मात्र दोनच मतं आलीत. एकाने लिहिलंय, ऐकलं, बरं आहे. दुसऱ्याला मी कुठलं यंत्र वापरतो एवढंच हवंय. मी सारखं पान उघडून बघतो. काल दुकानात एका बाईंना दुसऱ्याच कोणाचा चष्मा देऊन बसलो, आणि त्या बिचाऱ्या तो घालून दारापर्यंत गेल्याही.

महिनाअखेर हा तुकडा जुन्या कापडगिरणीत भरणाऱ्या असल्याच तुकड्यांच्या संमेलनाला पाठवायचाय. निवडला तर पहिल्यांदाच समोर बसलेल्या माणसांपुढे माझं काही वाजेल. म्हणून तू ऐक आणि मत तिथेच लिही. तू मुलांना गाणं शिकवतेस, आणि मला बरं वाटावं म्हणून तू कधी खोटं बोलली नाहीस.

उर्तेला मामाचा पापा. वाट बघून नखं संपत आली, तरी लोभ ठेव.

तुझा
वायदोतास

क्लाइपेदा, ७ सप्टेंबर

चि. वायदोतास यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं रे बाबा. आधी हेडफोन न लावताच ऐकलं, तर हे स्वयंपाकघरातून धावत आले की कपडे धुवायचं मशीन बिघडलं का. उर्तेने मात्र मांजर कडेवर घेऊन त्यावर नाच केला, तेव्हा एक चाहती तुला मिळाली.

साइटवर लिहिलंय तेच इथे लिहिते. पहिली तीन मिनिटं मला आवडली, आणि मला आवडली याचं मलाच नवल वाटलं. ट्रॉलीबसच्या डोक्यावरच्या विजेच्या तारांची गुणगुण मी लगेच ओळखली. लहानपणी आपण बाबा चालवायचे ती बस यायच्या आधीच त्या तारांवरून ओळखायचो, आठवतं? पण चौथ्या मिनिटाला जे सुरू होतं ते काढून टाक. ते कण्हणं, घशात अडकून पुन्हा पुन्हा तिथेच येणं. गोठ्यात वासरू अडकलंय आणि कोणी सोडवत नाही, तसं वाटतं. अंगावर येतं, आणि कशासाठी तेही कळत नाही. ते काढलंस तर बाकीचं उभं राहील.

बाबा नीट जेवतात का? थंड बीटचं सार त्यांना आवडतं, पण बटाटे कुस्करून घाल. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलायला लागले का? त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. थांबे पुकारायचे तेव्हा मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या दचकून पिशव्या आवरायच्या. या महिन्यात माझं येणं जमत नाही, मुलांचा कार्यक्रम बसवायचाय. ऑक्टोबरमध्ये नक्की.

खरं बोलले म्हणून रुसू नकोस, आणि लोभात काटछाट करू नकोस.

तुझी
स्काइस्ते

काउनास, १३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं मत फार गाजलं. त्याखाली अकरा जणांनी लिहिलं की बाई बरोबर बोलतायत. त्या पोर्तुगीजानेही लिहिलं. एवढी माणसं माझ्या तुकड्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होती, मी हुरळून गेलो. त्याच संध्याकाळी चौथ्या मिनिटाला सुरू होणारं ते सगळं कण्हणं कापलं. तुकडा खरंच सुटसुटीत झाला.

मग काल तो बाबांना ऐकवला. खिडकीजवळ बसवून हेडफोन लावले. तारांच्या गुणगुणीला त्यांनी बऱ्या हाताने मांडीवर ताल धरला. चौथं मिनिट जवळ आलं तसं बोट वर करून मला गप्प राहायला खुणावलं. ते थांबून राहिले. जे यायला हवं होतं ते आलं नाही. त्यांनी हेडफोन काढले, माझ्या मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवलेही नाहीत.

ताई, ते बाबा होते. वाचा शिकवायला येणारी बाई त्यांना सोमवार, मंगळवार म्हणायला सांगते, आणि ते हट्टाने आपल्या जुन्या बसमार्गावरचे थांबे म्हणतात. पहिल्या थांब्यालाच अडकतात आणि पुन्हा सुरुवात करतात. मी रेकॉर्ड करू का विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः माइक ओढून जवळ घेतला. पूर्ण तुकडा ते रोज ऐकायचे.

साइटचा नियम होता म्हणून तुला सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण खरं ते नाही. तू न सांगता ओळखतेस का ते मला बघायचं होतं. तू तारा ओळखल्यास. मला तुझा राग आलाय आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण मला ठाऊक असूनही मी कात्री चालवली. आता संमेलनाला काय पाठवू कळत नाही. पूर्ण तुकडा सोबत पेन ड्राइव्हवर पाठवतोय.

आज लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसता नमस्कार.

वायदोतास

क्लाइपेदा, १७ सप्टेंबर

चि. वायदोतास,
आशीर्वाद.

तुझं पत्र बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं, उर्तेला कळू नये म्हणून. वासरू लिहिलं मी. ते शब्द साइटवरून पुसायला गेले तर तिथे पुसताच येत नाहीत. माझ्या नावासकट ते तिथे राहणार, आणि खाली अकरा अनोळखी माणसं माझ्या बापाला गप्प करायला मला साथ देत राहणार.

कार्यक्रमाचं मी खोटं सांगितलं. फेब्रुवारीत मी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा त्यांनी मला पाहून तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. मी गाडी चुकेल म्हणून निघाले आणि स्टँडवर तीन बस सोडल्या. तेव्हापासून मला भीती वाटते. मी त्यांचा जुना आवाज जपत बसले आणि तू तिकडे नव्या आवाजाजवळ बसलास. तुझं रागावणं बरोबर आहे. पण मला पारखायला बघितलंस तेही काही भलं केलं नाहीस, हे मोठी बहीण म्हणून सांगतेच.

संमेलनाला काय पाठवायचं ते मला विचारू नकोस आणि ‘कान’वाल्यांनाही विचारू नकोस. बाबांना विचार. तुकडा जितका तुझा आहे तितकाच त्यांचाही आहे.

पेन ड्राइव्ह मी अजून लावलेला नाही. त्यांचा आवाज मला आधी यंत्रातून ऐकायचा नाही. शुक्रवारी दुपारच्या बसने येतेय. बाबांना सांग. मी येतेय हे ऐकून ते काही बोलले तर काय बोलले ते मला फोनवर कळवू नकोस. मी स्वतः येऊन त्यांच्याकडून ऐकेन.

लोभ उरला असेल तर दार उघडं ठेव.

तुझी
ताई