पँटवाल्याकडून शर्टवाल्यास

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या भावाचे भरपूर आशीर्वाद. (आशीर्वादाला कापड लागत नाही, म्हणून सढळ हाताने देतोय.) तुझी प्रकृती बरी असेलच, आजारी पडायला तुला सवड कुठली! साथ सुरू झाल्यापासून तुझ्या दुकानातली मशिनं थांबत नाहीत, हे मला रस्त्यापलीकडे बसून ऐकू येतं. माझ्या मशिनच्या पायडलवर पालीने बस्तान बसवलंय. मी तिला उठवत नाही, तेवढीच सोबत. वाटणीपासून आपलं बोलणं बंद आहे खरं, पण लिहिणंही बंद असं कुठे ठरलंय?

शिवणकामाच्या वाटणीत थोरला म्हणून निवड माझी होती. मी छाती काढून पँटी घेतल्या नि शर्ट तुझ्याकडे ढकलले. माणूस शर्टाशिवाय घरात बसेल, पण पँटीशिवाय दाराबाहेर पडणार नाही, असा माझा सरळ हिशेब. आता दाराबाहेर पडायलाच बंदी येईल, हे मला कुठल्या शहाण्याने सांगायचं? माणसं घरी कॉम्प्युटरपुढे बसून ऑफिस करतात, आणि त्या कॉम्प्युटरला छातीपर्यंतच दिसतं. परवा ते वकील (तुझ्याकडे कडक कॉलरचे शर्ट शिवायला टाकलेले) माझ्या दारात उभे. मी टेप गळ्यात घालून धावलो. तर म्हणाले, या जुन्या पँटी गुडघ्यावर कापून द्या, घरात उकडतं. माझ्याच हातच्या पँटी रे! कापल्या. वाईट वाटलं, त्याहून वाईट म्हणजे आठवडाभरातलं तेवढंच काम होतं.

मग मास्क शिवायचं डोक्यात घेतलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने (त्याला हल्ली जेवायला फुरसत नाही, आणि शेजारच्या लग्नाच्या फोटोग्राफरला जेवणाची वाट बघण्याखेरीज काम नाही) नमुने आणायला सांगितले. उरलेले पँटपीस होतेच. पण हाताची सवय जाते का? अस्तर लावलं, दुहेरी शिलाई मारली, मधोमध इस्त्रीची करकरीत घडी पाडली. औषधवाल्याने एक तोंडाला लावला, त्याचे डोळे पांढरे झाले आणि घाईने काढून म्हणाला, "काका, यातून रोग आत जाणार नाही, कबूल. पण हवाही जात नाही." सगळे परत. तुझी वहिनी आता त्या मास्कांनी गॅसवरची गरम भांडी उतरवते.

खरं सांगू? भीती वाटते. रोज सकाळी दुकान उघडतो, झाडतो. कातरणच पडत नाही तर झाडायचं काय, तरी झाडतो. सगळं पूर्ववत होईल म्हणतात. तोवर हात कात्री विसरले तर काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

असो. तुझ्या बायकोला आणि लेकीला आशीर्वाद. आमची काळजी करू नकोस, आमचं उत्तम चाललंय.

तुझा,
थोरला

ता. क. : वरचं "उत्तम" तुझी वहिनी शेजारी येऊन बसली म्हणून लिहिलं.

दुसरा ता. क. : तुला काज-बटणाला माणूस हवाय असं कानावर आलं. माझ्या पाहण्यात एक आहे. वय झालंय, स्वभाव तिरसट, कॉलर जमत नाही (शिकवलीस तर शिकेल), पण टाका सरळ घालतो. त्याला मागच्या दाराने आत घे.

शेवटचा ता. क. : कारागिरांसमोर त्याला दादा म्हणू नकोस. दुकान बंद केल्यावर म्हणालास तर चालेल.