माळावरची गवताची बेटं

ऑक्टोबर १९५७, रविवार संध्याकाळ

काल येलहंक्याच्या माळावर, आमच्या वखारीसाठी गवत कापताना, माळढोकाची मादी अंड्यावर बसलेली दिसली. एकच अंडं! मी म्हटलं, तेवढं गवत राखू. माझे थोरले भाऊ अण्णा भडकले. “अरे, मोकळ्या माळात एकच बेट दिसलं, तर शिकारी थेट तिथंच येतील! सरी, ठीक आहे, पण अशी बेटं जागोजागी राखू.”

आज माळ अर्धवट दाढी केल्यासारखा दिसत होता. घोड्यांना गवत कमी पडणार, टांगेवाले आमच्या नावानं ओरडणार. दुपारी शिकाऱ्यांची जीप आली, दोन-चार बेटं तुडवून कंटाळून गेली. मी मादीच्या बेटावरची नजर हटवली नव्हती.

मग तिनं मान वर काढली. केवढी उंच! पण भलत्याच बेटातून. एकच अंडं, आणि मीसुद्धा फसलो!