रस्त्यावरच्या बाजा

बाबा, मी तापातून उठले त्या वर्षाबद्दल आपण दोघं नंतर कधी नीट बोललो नाही. तुम्ही टाळलंत, मीही टाळलं. अणदूरच्या अलीकडचं आपलं गाव, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झालेली, सडकेवर एसटी धावायला लागलेली. तुम्ही एरवी शाळेत मास्तर आणि रविवारी आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मी शाळा संपवून घरीच होते. मुदतीचा ताप माझ्या डोक्यात गेला. नळदुर्गच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण मी माणसं ओळखेनाशी झाले तेव्हा आई तुम्हाला म्हणाली, "लोकांना सांगता नव्हं, पहिले विश्वासणारे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायचे म्हणून? मग आपल्या लेकीसाठी करा की." तुम्ही वाटीत करडईचं तेल घेतलंत, माझ्या कपाळाला लावलंत, मंडळीतली वडीलधारी माणसं बाजेभोवती उभी केलीत. मला यातलं काही आठवत नाही, सगळं आईनं सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी भाकरी मागितली.

बातमी वस्तीत राहिली नाही, गावभर झाली. त्यात तुमच्याच एका गोष्टीची भर पडली. येशूच्या एका प्रेषिताबद्दल तुम्ही फार रंगून सांगायचा, की यरुशलेमेतले लोक आपली आजारी माणसं बाजांवर घालून रस्त्यात आणून ठेवत, निदान त्याची सावली तरी त्यांच्यावरून जावी म्हणून. ही गोष्ट वस्तीबाहेर कुणी नेली कोण जाणे. एके सकाळी तुम्ही शाळेला निघालात आणि पाराजवळ एक बाज टाकलेली, तिच्यावर लकव्यानं पडलेला एक म्हातारा. मग आणखी बाजा आल्या, पाटलांच्या आळीतल्या, वाण्यांच्या घरच्या. बाबा, याच गावात आजोबांची सावली अंगावर पडली तर लोक डोक्यावरून पाणी घ्यायचे. आजोबा आयुष्यभर भिंतीच्या कडेकडेनं चालले. आणि आता त्याच घरांतली माणसं उन्हाचा अंदाज घेत बाजा सरकवत होती, तुमची सावली नेमकी कुठं पडेल ते बघत. आई हरखून गेली होती. तुम्ही मात्र शाळेची वाट बदललीत, बांधावरून लांबचा फेरा घालू लागलात. परतायचात ते भर दुपारी, सावली पायाखाली असताना. मी एकदा कारण विचारलं तर माझ्यावरच ओरडलात, "उद्या त्यातलं एखादं तिथंच मेलं तर? काय सांगू मी त्यांना? तू का उठलीस हे मलाच ठाऊक नाही. औषधानं का तेलानं, मला काय माहीत?" त्या दिवसापासून मला माझ्या बरं होण्याचीच धास्ती वाटायला लागली. मी अंगणात दिसले तरी लोक बोट दाखवायचे, "हीच ती."

मग ती बाई आली. मोठ्या कुणब्याच्या घरची सून, बांधावरच आपली वाट अडवून उभी राहिली. मी तुमच्याबरोबर शाळेत लहान मुलींना शिवण शिकवायला निघाले होते. तिच्या कडेवरच्या पोरीचा गळा सुजलेला, श्वास घेताना घरघर. तुम्ही पोरीचं तोंड उघडून घसा बघितलात आणि तुमचा चेहरा उतरला. घटसर्प तुम्ही ओळखत होतात.

"बाई, हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला हवं. एसटी येईल एवढ्यात."

"सोलापूर कशाला, मास्तर? तुमी हात ठेवा. तुमच्या लेकीवर ठेवला तसा."

"मी येतो बरोबर. वेळ घालवू नका."

तुम्ही पोर उचलून सडकेकडं चालायलाच लागलात, म्हणून ती मागं आली. गाडीत बसल्यावर तिनं पोरीला माझ्या मांडीवर दिलं. "ताई, तुमी बऱ्या झाल्या. जरा तुमीच धरा हिला." त्या घरात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं. मी पोरीला धरते. एसटीच्या खिडक्या खडखडतायत, पोरीनं माझ्या पदराचा काठ मुठीत धरलाय. तुम्ही पुढच्या बाकाचा दांडा पकडून डोळे मिटलेत आणि तुमचे ओठ हलतायत. मीही मागते आहे, देवा, मला दिलंस ते हिला दे, माझं परत घे पण हिला दे. सोलापूरची घरं दिसायला लागली आणि पोरीची मूठ सुटली.

बाईनं हंबरडा फोडला नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमच्या लेकीला तेल लावलं. माझ्या लेकराला नुसतं मोटारीत घातलं." तुम्ही वाटभर प्रार्थना करत होतात, हे तिला सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत.

मला वाटलं, आता तुम्ही प्रार्थनेच्या खोलीला कुलूप घालणार. पण त्यानंतर शाळा भरली त्या सकाळी तुम्ही बांधावरून न जाता सरळ गावातून निघालात. मी मागोमाग आले, लोक दगड मारतील अशी भीती वाटत होती म्हणून. बऱ्याच बाजा उचलून नेलेल्या होत्या. लकव्याचा म्हातारा तेवढा होता. तुम्ही त्याच्या बाजेशेजारी जमिनीवर बसलात. म्हणालात, "काका, माझ्या सावलीत काही नाही. तुम्ही बरे व्हाल का, मला ठाऊक नाही. पण मी रोज इथं बसेन, देवाजवळ तुमचं नाव घेईन, आणि दवाखान्यात जायचं ठरलं तर संगं येईन." म्हाताऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं. बोबड्या शब्दांत म्हणाला, "बसा मग. घरात बी कुणी बसत न्हाय."

तुम्ही तो मरेपर्यंत बसत राहिलात. उशीर होतो म्हणून हेडमास्तरांची बोलणी खाल्लीत. पुढं ज्यांच्याजवळ बसलात त्यांतले काही उठले, बरेच उठले नाहीत. त्या बाईच्या दारावरून जाताना तुम्ही थांबायचात आणि ती दार लोटून घ्यायची. खूप दिवसांनी तिनं दार उघडं ठेवलं. बोलली मात्र नाही.

तुम्ही गेलात त्यालाही आता जन्म लोटला. परवा माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे, कसली ते काढल्यावर कळेल म्हणतात. माझी लेक काल विचारत होती, "आई, दोघी बसून प्रार्थना करू या का?" मी नंतर बघू म्हणाले. तिला वाटलं, आईचा विश्वास डळमळला. तसं नाही बाबा. त्या एसटीतल्या दिवसानंतर मी दुसऱ्यांसाठी पुष्कळ मागितलं, स्वतःसाठी कधीच नाही. देव ऐकणार नाही अशी भीती नव्हती, तो पुन्हा माझंच ऐकेल आणि शेजारच्या खाटेवरच्या कुणाचं ऐकायचं राहून जाईल, अशी होती. हे लेकीला सांगितलं तर ती मला समजावत बसेल. तुम्ही समजावलं नसतंत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे कागद ती उठायच्या आत फाडून टाकीन. पण एक खरं सांगते, या खेपेला मला मागावंसं वाटतंय. मला अजून जगायचं आहे, बाबा.